बोल्ट-ऑन इलेक्ट्रिक गिटार, एका पावसाळ्यानंतर: नेक पॉकेटची भेग आणि ‘हवामानाचा परिणाम’

पिकअप कोणते, स्केल किती, हे सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ते उगाळत नाही. आवाज स्वच्छ, फ्रेटची (दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं गुळगुळीत, ट्यूनिंग टिकतं. या किमतीत आवाजावर बोट ठेवायला जागाच नाही. तक्रार रंगाची आहे. खरं तर रंगापेक्षा दुकानाने त्यावर दिलेल्या उत्तराची जास्त.

बोल्ट-ऑन म्हणजे नेक, गिटारचा लांब दांडा, बॉडीतल्या खाचेत (नेक पॉकेट) स्क्रूने बसवलेला. या पॉकेटच्या कोपऱ्यातून, पातळ ई तारेच्या बाजूला, कटअवेकडे (बॉडीला हातासाठी कापलेल्या वळणाकडे) केसाएवढी भेग गेलीय. लांबी दीड सेंटीमीटर. समोरून दिसत नाही. टॉर्च तिरका धरला की चकाकते. दुकानाचं म्हणणं: ठाण्याची दमट हवा, लाकूड फुगलं, वॉरंटीत बसत नाही.

दमट हवेचे परिणाम असतात, नाही कोण म्हणतंय? घोडबंदर रोडवर जुलैत खिडकी उघडी ठेवून गिटार भिंतीला टांगली तर नेकचा रिलीफ (किंचित बाक) बदलणारच. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट मोजायची. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. वाढली असेल तर ट्रस रॉड (नेकमधली बाक जुळवायची सळई) पाव फेरा आवळायचा, काम संपलं. बॉडीच्या तुकड्यांच्या जोडावर सरळ रेघ उमटली तर तिथेही हवेला दोष देता येतो. पण ही भेग निघाली नेमकी पॉकेटच्या कोपऱ्यातून, जिथे लाकूड सगळ्यात पातळ आणि नेकचा दाब सगळ्यात जास्त. हवा एवढी नेम धरून येत नाही.

कारण साधं आहे. पॉली फिनिश (पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा थर) जाड आणि कडक असतं. वाकत नाही, तडकतं. पॉकेटच्या कडेला रंगाचा थर साचला की नेक ठोकून बसवल्यासारखा घट्ट बसतो. त्यात नेकचे स्क्रू साधारण ४.२ मिलिमीटर जाडीचे. बॉडीतली भोकं त्याहून मोठी हवीत, म्हणजे स्क्रू बोटाने ढकलला तरी आरपार जायला हवा. भोक लहान राहिलं तर आटे बॉडीतच चावतात, नेक तळाला टेकत नाही, आणि कारखान्यात कोणीतरी मशीनने स्क्रू अजून थोडा आवळतो. तो ताण कोपऱ्यात जातो.

वॉरंटी मागायची असेल तर आधी स्वतः नेक काढू नका. ‘तुम्हीच उघडलंय’ हे वाक्य तयारच असतं. आधी फोटो आणि लेखी तक्रार, मग त्यांच्या माणसाला समोर उघडायला सांगा. तारा सैल करायच्या, स्क्रू आलटून-पालटून ढिले करायचे. मग लायटरचं पेट्रोल कापडावर घेऊन भेगेवरून फिरवायचं. ओली रेघ पॉकेटच्या आतल्या कोऱ्या लाकडात उतरली तर लाकूड फुटलंय; रंगाच्या कडेलाच थांबली तर फक्त फिनिश. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको.

(नंतर भर) उघडून झालं. लाकूड शाबूत आहे, त्यामुळे गिटारचे भेगेपायी कापलेले गुण परत. भोकं मात्र खरंच घट्ट होती. ती ५ मिलिमीटर केली, कडेचा साचलेला रंग ब्लेडने खरवडला, स्क्रूला मेणबत्ती घासली. नेक आता हाताच्या दाबाने बसतो. भेगेत पातळ सुपरग्लूचा एक थेंब, तो आपोआप आत ओढला जातो. रात्रभर सुकवून १५०० आणि २००० नंबरचा ओला पॉलिशपेपर. पाच रुपयांच्या ट्यूबमध्ये होणाऱ्या कामाला ‘बॉडी बदलावी लागेल, पैसे भरा’ हे दुकानाचं पहिलं उत्तर होतं, याचा राग अजून आहे.

तक्रार लिहिताना ‘रंग तडकला’ लिहू नका. रंग बहुतेक वॉरंटींतून वगळलेला असतो. ‘नेक पॉकेटच्या बांधणीतला दोष’ लिहा, आणि अधिकृत विक्रेत्याचं बिल जोडा. अनेक कंपन्या फक्त पहिल्या खरेदीदाराला मानतात. तरी टोलवलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग: २०१९च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो तिथे करता येते, मुदत २ वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वाशी, नेरुळ, ऐरोलीवाल्यांचा जिल्हा ठाणे. खारघर, कामोठे रायगडमध्ये येतात, तिथल्यांनी ठाण्याला खेपा घालू नका. आमच्या बाबतीत कायद्याचं नाव लेखी निघाल्यावर दुकानाने सेटअप (गिटारची जुळवणी) आणि तारांचा नवा सेट फुकट दिला.

गिटारला साडेचार, सर्व्हिसला दीड. स्ट्रॅपच्या बटणाचा स्क्रूही हल्ली सैल होतोय. त्यासाठी भोकात टूथपिक आणि फेविकॉल, दुकानात नेत नाही.