वाचनालयाच्या भिंतीवर गंगनम : एका दूरस्थ नगरफेरीचा अभिप्राय

दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेले अकोल्याकडचे एक मराठी अभियंता आणि नागपूरला राहणारे त्यांचे एक मित्र मिळून एक वेगळी सेवा चालवतात. अभियंता सुट्टीच्या दिवशी हातात फोन घेऊन सेऊलच्या एखाद्या भागातून चालत जातात, त्या भागाचा इतिहास मराठीत सांगतात, आणि इकडे वर्गणी भरलेले गाव किंवा शाळा ते चित्र पडद्यावर पाहत प्रश्न विचारते. या सेवेला अजून नाव नाही, पाटी नाही, जाहिरात नाही. ओळखीतून ओळख निघत ती पसरते आहे. कारंजा तालुक्यातील आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाने तिच्यातील ‘गंगनम’ ही मालिका घेतली. गंगनम म्हणजे सेऊलमधील हान नदीच्या दक्षिणेची श्रीमंत वस्ती. वाचनालयाचा कार्यवाह या नात्याने सर्व बैठकींना मी उपस्थित होतो आणि हा अभिप्राय इतर गावांच्या उपयोगासाठी लिहीत आहे.

गंगनमच का, याचे कारण आमच्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, २०२५ च्या जूनमध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता वाहता झाला, आणि इंटरचेंजजवळ नवनगरे उभारण्याचा सरकारचा आराखडा चर्चेत आल्यापासून जमिनीचे दलाल बांधाबांधावर फिरू लागले. त्यांच्यापैकी एकाच्या पत्रकात ‘विदर्भाचे गंगनम’ असे शब्द छापलेले होते. मूळ गंगनम कसे घडले हे एकदा नीट पाहावे, एवढाच आमचा हेतू होता, आणि तो या सेवेने बऱ्याच अंशी पुरा केला.

पहिली बैठक सर्वांत चांगली झाली. हान नदीवरील हन्नम पुलाच्या दक्षिण टोकाशी उभे राहून मार्गदर्शकांनी आधी जुनी छायाचित्रे दाखवली. आज जेथे काचेच्या इमारतींची रांग आहे तेथे भातखाचरे, भाजीपाल्याचे मळे आणि नासपतीच्या बागा होत्या. हा मुलूख १९६३ पर्यंत सेऊल शहरात नव्हताच. त्या वर्षी शहराची हद्द वाढली तेव्हा तो आत आला, आणि गंगनम हा स्वतंत्र प्रशासकीय विभाग तर १९७५ मध्ये झाला. सेऊलची लोकसंख्या १९६० मध्ये सुमारे २४ लाख होती, ती १९७० पर्यंत ५५ लाखांच्या आसपास गेली. ही गर्दी बहुतेक नदीच्या उत्तरेला दाटलेली होती. त्यातच जानेवारी १९६८ मध्ये उत्तर कोरियाचे ३१ कमांडो राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाच्या अगदी जवळ येऊन पोहोचले. सीमेपासून एवढ्या थोड्या अंतरावर राजधानीची सारी माणसे नदीच्या एकाच बाजूला ठेवणे धोक्याचे आहे, ही जाणीव राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या सरकारला त्यानंतर तीव्रतेने झाली. म्हणजे या श्रीमंत वस्तीच्या मुळाशी घरबांधणीच्या गरजेइतकीच युद्धाची भीती आहे, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

हन्नम पूल डिसेंबर १९६९ मध्ये पूर्ण झाला आणि सेऊल ते बुसान हा ग्यंगबू द्रुतगती मार्ग ७ जुलै १९७० रोजी खुला झाला. येथून पुढे मार्गदर्शकांनी जो भाग सांगितला, तो ऐकण्यासाठी मागच्या बाकावरची माणसेही पुढे सरकली. द्रुतगती मार्गासाठी लागणारी शहरहद्दीतील जमीन सरकारला पैसे देऊन विकत घ्यायची नव्हती. म्हणून मार्गालगतचा मोठा पट्टा, ज्याला त्या काळी यंगदोंग म्हणत, भूमी पुनर्रचना योजनेखाली घेण्यात आला. या योजनेत सर्व मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र केल्या जातात, त्यांतून रस्ते, शाळा आणि उद्याने यांची जागा काढली जाते, आणखी काही जमीन विकून कामाचा खर्च भागवण्यासाठी राखली जाते, आणि उरलेली जमीन चौकोनी भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत दिली जाते. परत मिळणारे क्षेत्र कमी असते. भाव वाढल्यामुळे त्याची किंमत मात्र जास्त भरेल, असा सरकारचा युक्तिवाद असतो. आपल्याकडील नगररचना योजनांचे गणितही हेच आहे. मुंबई प्रांताने त्यासाठी १९१५ मध्येच कायदा केला होता, आणि कोरियाचा भूमी पुनर्रचना कायदा व आपला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम हे दोन्ही १९६६ चेच आहेत. समृद्धी महामार्गासाठी प्रथम जमीन एकत्रीकरणाचाच प्रस्ताव आला होता, शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला आणि पुढे थेट खरेदीचा मार्ग निघाला, हे येथे सर्वांना आठवत होते. त्यामुळे प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली आणि ती बैठक ठरल्या वेळेपेक्षा बरीच लांबली. मार्गदर्शकांनी त्याबद्दल कुरकुर केली नाही, ही नोंद त्यांच्या बाजूने करावी लागेल.

दुसरी बैठक शाळा आणि घरे यांच्याविषयी होती, आणि माझ्या मते या संपूर्ण मालिकेचे मर्म तिच्यात आहे. पूल झाला, द्रुतगती मार्ग झाला, भूखंड पडले, तरी लोक तिकडे राहायला जाईनात. भूखंड विकले जात होते, पण घेणारे भाववाढीची वाट पाहणारे होते. घर बांधून संसार थाटणारे थोडे. मग सरकारने माणसे हलवण्याचे निरनिराळे उपाय योजले. १९७२ पासून नदीच्या उत्तरेकडील जुन्या शहरात नवी डिपार्टमेंट स्टोअर, दारूगृहे, कारखाने यांवर निर्बंध आले, तर दक्षिणेकडील जमीनव्यवहारांना करात सवलती मिळाल्या. उत्तरेकडची लांब पल्ल्याची बसस्थानके हलवून बान्पो येथे एकच मोठे स्थानक करण्यात आले. १९७६ मध्ये काही पट्टे केवळ अपार्टमेंटसाठी राखून ठेवण्यात आले. मेट्रोचा दुसरा मार्ग नदी दोनदा ओलांडून दक्षिण भागाला जुन्या शहराशी जोडणाऱ्या वर्तुळाच्या आकारात आखला गेला आणि ते वर्तुळ १९८४ मध्ये पूर्ण झाले.

या सर्वांत परिणामकारक ठरल्या त्या शाळा. १९०० मध्ये स्थापन झालेले ग्यंगी हायस्कूल हे देशातील सर्वांत नामांकित विद्यालयांपैकी एक. ते १९७६ मध्ये नदीपलीकडे सामसंग भागात नेण्यात आले. त्यामागून इतर जुनी, नावाजलेली विद्यालयेही गेली. सेऊलमध्ये १९७४ पासून हायस्कूलांच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षा बंद होऊन राहत्या भागानुसार सोडतीने प्रवेश देण्याची पद्धत आली होती, त्यामुळे चांगल्या शाळेसाठी हुशारीइतकाच राहण्याचा पत्ताही महत्त्वाचा झाला. पत्ता विकत घेता येतो. मार्गदर्शक हे सांगत असताना आमचे निवृत्त मुख्याध्यापक एवढेच म्हणाले की, आपल्या तालुक्यातील मुलांचे आईबाप अकोल्याला आणि नागपूरला खोली करून राहतात, ते याहून वेगळे काय करतात. मार्गदर्शकांनी त्यानंतर गंगनममधीलच देची-दोंग येथील शिकवणी वर्गांचा रस्ता दाखवला. सेऊलमध्ये हे वर्ग रात्री दहानंतर चालवण्यास मनाई आहे, यावर आमच्याकडील पोरे हसली आणि पालक गप्प राहिले.

त्याच भागातील उन्मा अपार्टमेंटपाशी मार्गदर्शकांनी बराच वेळ घेतला आणि तो सत्कारणी लागला. १९७९ मध्ये बांधलेल्या या चौदा मजली इमारतींच्या समूहात ४,४२४ घरे आहेत. रंग उडालेला, वाहने कशीबशी उभी केलेली, पाहताना म्हाडाच्या एखाद्या जुन्या वसाहतीची आठवण यावी अशी ही वास्तू, आणि तरीही तेथील घर घेणे सामान्य कोरियन नोकरदाराच्या आवाक्याबाहेरचे आहे. याचे कारण पुनर्बांधणीची आशा आणि शाळांचा पत्ता. कोरियात घराचे क्षेत्र अजूनही प्यंग या जुन्या मापात बोलतात. एक गुंठा म्हणजे सुमारे साडेतीस प्यंग होतात आणि उन्मामधील लहान घर ३१ प्यंगांचे म्हणून ओळखले जाते. आपल्या सातबाऱ्यावरील एका गुंठ्याएवढे एक घर, असा हिशेब मार्गदर्शकांनी मांडताच सभागृहात जो तो आपापल्या वावराला मनातल्या मनात भागू लागला. मापांचे असे रूपांतर त्यांनी सर्वत्र करावे, अशी माझी सूचना आहे. इतर ठिकाणी ते विसरले.

आपगुजंग येथील ह्युंदाई अपार्टमेंटचा भाग त्यांनी थोडक्यात उरकला. कर्मचाऱ्यांसाठी राखलेली घरे अधिकारी आणि वजनदार मंडळींना वाटल्याचे प्रकरण १९७८ मध्ये तेथे उघडकीस आले होते, त्याचा उल्लेख मात्र त्यांनी टाळला नाही. महापालिकेत त्या काळी काम केलेल्या एका अधिकाऱ्याने पुढे लिहून ठेवल्याप्रमाणे १९७० च्या सुमारास सत्ताधाऱ्यांच्या राजकीय निधीसाठी याच भागात गुपचूप जमिनी घेऊन विकण्यात आल्या, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. आराखडा कोठून जाणार हे ज्यांना आधी कळते त्यांचीच जमीन पिकते, हे आमच्या श्रोत्यांना नवे नव्हते.

आता दोषांकडे येतो. तिसऱ्या बैठकीत गंगनममधील तेहरान मार्ग नावाच्या रस्त्यावरील कार्यालये, बोंगउन्सा हे ७९४ मध्ये स्थापन झालेले बौद्ध मंदिर, कोरियाच्या जुन्या जोसन राजघराण्याच्या समाध्या आणि शेजारच्या सचो भागात १९९५ मध्ये हलवलेले सर्वोच्च न्यायालय अशी भरपूर ठिकाणे कोंबली होती. चालण्याचा वेग वाढला, चित्र हलू लागले, निवेदन प्रवासी पत्रकासारखे झाले. समाध्यांचे हिरवे उंचवटे चहूबाजूंच्या मनोऱ्यांमध्ये कसे टिकून राहिले, हा प्रश्न विचारण्यासारखा होता, पण तोवर मार्गदर्शक पुढे निघून गेले होते.

याहून मोठा दोष म्हणजे ज्यांच्या वाट्याला या वाढीतून काही आले नाही, त्यांच्याविषयीचे मौन. साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअर २९ जून १९९५ रोजी कोसळून ५०२ माणसे मेली आणि त्याआधी ऑक्टोबर १९९४ मध्ये संगसू पुलाचा मधला भाग नदीत पडून ३२ जण गेले, या घाईच्या बांधकामाच्या खुणा त्यांनी सांगितल्या; तेवढे श्रेय त्यांना आहे. परंतु गुर्योंग या झोपडवस्तीकडे त्यांनी दुरूनच बोट दाखवले. १९८० च्या दशकात, ऑलिम्पिकच्या तयारीत शहराच्या इतर भागांतून उठवलेली माणसे तेथे येऊन वसली, आणि श्रीमंत गंगनमच्याच हद्दीत, टेकडीच्या पायथ्याशी, फळ्या आणि ताडपत्रीच्या घरांतून आगी लागत राहिल्या. आमच्यातल्या एका कास्तकाराने तेव्हा विचारले, “ज्याचं वावर रोडाला लागलं त्याचं सोनं झालं भाऊ, पण जो दुसऱ्याचं वावर ठोक्यानं करत होता, त्याचं काय झालं थे सांगा ना.” उत्तर तोकडे मिळाले. पुनर्रचना योजनेत भूखंड परत मिळतो तो मालकाला. कुळाला आणि शेतमजुराला त्यात वाटा नसतो, आणि ज्यांनी भाव चढण्याआधीच दलालाला जमीन विकली त्यांनाही नाही. एवढे स्पष्ट सांगायला पाच मिनिटे लागली असती. आमच्या गावासाठी ती पाच मिनिटे तेहरान मार्गावरील सगळ्या काचांहून मोलाची होती.

तांत्रिक बाजू समाधानकारक आहे, पण तिला मर्यादा आहेत. सेऊलची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. दुपारी दीड वाजता बैठक घेतली तर तेथे पाच वाजलेले असतात आणि हिवाळ्यात लवकरच अंधारते. आमची एक बैठक त्यामुळे निम्मी दिव्यांच्या उजेडात झाली. सकाळी नऊला घेतल्यास तेथे भर दुपार मिळते, परंतु कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी नऊला वाचनालयात कोण येणार? यावर उन्हाळ्यात, पेरणीपूर्वी, ही मालिका घेणे हाच मला दिसणारा उपाय आहे. आमच्याकडे इंटरनेट अधूनमधून रेंगाळले, त्यात सेवेचा दोष नाही. जुनी छायाचित्रे फोनच्या पडद्यावरून दाखवल्यामुळे मागच्यांना दिसत नाहीत. ती आधी पाठवून द्यावीत आणि सनावळीचे एक पानभर मराठी टिपण सोबत द्यावे. वर्गणी माणशी नसून गावाला एकच असते, त्यामुळे ती कोणालाच जड गेली नाही.

मार्गदर्शकांचे मराठी स्वच्छ आहे, वऱ्हाडी प्रश्न त्यांना पुन्हा विचारावा लागत नाही, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही असे ते सांगतात. पत्रक छापणारे दलालही दुसऱ्या बैठकीला येऊन बसले होते. तेथे सरकारने पुलानंतर जवळपास दहा वर्षे जुन्या शहराचा हात धरून लोकांना पलीकडे ओढले. येथे नागपूरचे महाविद्यालय किंवा न्यायालय उठवून कारंज्याला आणण्याची भाषा कोणी करीत नाही, तर मग भाव कशाच्या जोरावर सांगता, असे मुख्याध्यापकांनी त्यांना सर्वांसमक्ष विचारले. ते म्हणाले, रोड आला ना गुरुजी. पुढच्या आठवड्यात त्यांच्या पत्रकातून गंगनमचे नाव गेले होते आणि दर एकरी तेवढाच राहिला होता.

मालिका घेऊ इच्छिणाऱ्या वाचनालयांनी आरक्षण करतानाच तिसरी बैठक बदलून मागावी : समाध्या आणि मंदिर ठेवावे, तेहरान मार्ग गाळावा आणि गुर्योंगसाठी पूर्ण तास राखून घ्यावा. आमच्या सूचनेनंतर मार्गदर्शकांनी तसे करण्याची तयारी दाखवली आहे.