गृहउद्योग वाढतोय: सहकारी संस्था, उत्पादक कंपनी की प्रायव्हेट लिमिटेड?

पापड, मसाले, लोणची करणाऱ्या पंधरा-वीस बायकांचा धंदा बचत गटाच्या वहीत मावेनासा झाला की नोंदणीचा प्रश्न येतो. बहुतेक ठिकाणी तो कर, खर्च आणि कागदपत्रं एवढंच पाहून सुटतो. त्याआधी ठरवायचं ते हे: धंदा बायकांना काम मिळावं म्हणून आहे, की पापड खपावा म्हणून? आज दोन्ही एकच वाटतं. मोठी ऑर्डर आली आणि यंत्र घेतलं तर निम्म्या जणींचं लाटणं थांबणार, अशी वेळ आली की फरक कळतो. तेव्हा कोणाचं मत चालणार, हे नोंदणीच्या दिवशीच ठरून गेलेलं असतं.

प्रायव्हेट लिमिटेड काढायला सर्वांत सोपी. दोघी जणी पुरतात, बँकेला आणि गुंतवणूकदाराला ती ओळखीची असते. पण मत शेअरच्या प्रमाणात, म्हणजे ज्याचं भांडवल जास्त त्याचा शब्द शेवटचा. कल्पना आणि पैसा दोन-तीन मैत्रिणींचाच असेल, बाकीच्या पगारावर येणार असतील, तर हाच मार्ग घ्यावा आणि तसं सगळ्यांना स्पष्ट सांगावं. ‘आपल्या सगळ्यांचा धंदा’ म्हणत ही नोंदणी करू नये.

सहकारी संस्थेत चित्र उलटं. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानुसार किमान दहा सभासद लागतात, शेअर कितीही असोत, मत एकच. नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत जातो आणि लाभांशाला साधारण 15 टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे केवळ नफ्यासाठी कोणी आत शिरत नाही. अडचण दुसरीकडे आहे. सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाचा अंमल मोठा, प्रसंगी प्रशासकही बसतो. आणि जी काम करत नाही तिचंही मत राहिलं, तर उद्देश हळूहळू निसटतो. ऊस न घालणाऱ्या सभासदांच्या मतांवर निवडणुका जिंकल्या जाणं आणि कर्जात बुडालेले सहकारी साखर कारखाने खासगी हातांत जाणं, दोन्ही महाराष्ट्राने पाहिलं आहे. प्रवरेचा, म्हणजे राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना ज्या विचाराने उभा राहिला, त्याची ही वाताहत मनाला लागते.

उत्पादक कंपनी या दोन्हींच्या मधली, आणि माझा कौल बहुतेक गटांसाठी तिलाच आहे. कायद्यात ती 2003 साली आली. किमान दहा उत्पादक हवेत, शेतकऱ्यांबरोबर हातमाग, हस्तकला आणि कुटीरोद्योगवालेही चालतात. इथेही एक सभासद, एक मत. सभासदाने किती माल दिला त्यानुसार बोनस वाटता येतो, आणि उत्पादक न राहिलेल्या सभासदाला शेअर परत करायला लावता येतात. सहकारात जिथून गळती होते, नेमकी ती जागा इथे बुजवता येते. शेअर बाहेरच्याला विकता येत नाहीत, हे मात्र भांडवल उभं करताना आडवं येतं. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने त्यावर वाट काढली. शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी तशीच ठेवली आणि 2022 मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांचे 310 कोटी रुपये प्रक्रिया व विक्री करणाऱ्या वेगळ्या कंपनीत घेतले. लहान गटाला एवढं लागणार नाही, पण बाहेरचा पैसा कोणत्या दारातून घ्यायचा हे आधीच ठरवता येतं, एवढं यातून घ्यावं. पूर्णवेळ मुख्य कार्यकारी नेमावा लागतो आणि दरवर्षी विवरणपत्रं भरावी लागतात, तो खर्च मात्र आधीच धरा.

लिज्जत यांपैकी कशातच बसत नाही. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम 1966 मध्ये संस्था म्हणून नोंदलं गेलं. तिथला उद्देश टिकला तो रोजच्या नियमांनी: सभासद फक्त बायकाच, लाटणारी प्रत्येक जण सहमालक, पापड हातानेच लाटायचा. यंत्राचा प्रश्न त्यांनी नियमानेच मिटवून टाकला.

म्हणून सीएकडे जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून प्रत्येकीची सही घ्या: मत कोणाला, काम थांबवलेल्या सभासदाचं काय, आणि कोणत्या कामाला यंत्र लावायचं नाही. मग सहकारी संस्थेच्या उपविधींत किंवा कंपनीच्या नियमावलीत ते शब्दशः घालायला सांगा. तयार छापील मसुदा आहे तसा स्वीकारू नका. तिसऱ्या मुद्द्यावर एकमत होत नसेल, तर नोंदणी पुढे ढकला आणि उन्हाळ्याचा एक हंगाम बचत गटावरच काढा.