प्रोलॉगमध्ये ‘नाही’ कसं लिहायचं: \+, डिफ, टेबलिंग की क्लिंगो?

प्रोलॉग ही तथ्यं आणि नियम देऊन प्रश्न विचारायची भाषा. तिच्या एसडब्ल्यूआय-प्रोलॉग या आवृत्तीत नकारासाठी सगळ्यात आधी हाती लागतो तो \+. त्याचा अर्थ ‘हे खोटं आहे’ असा नसून ‘हे सिद्ध झालं नाही’ एवढाच आहे. संगणकशास्त्रज्ञ कीथ क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडलेली कल्पना हीच.

समजा सीमा, राजू, मीना विद्यार्थी आहेत आणि हजर फक्त सीमा आहे.

गैरहजर(_क) :- \+ हजर(_क), विद्यार्थी(_क).

(:- म्हणजे ‘जर’. देवनागरीत व्हेरिएबलचं नाव अंडरस्कोरने सुरू करा, नाहीतर ते अ‍ॅटम म्हणजे ठरावीक नाव ठरतं.)

गैरहजर(राजू) विचारलं की होकार येतो. गैरहजर(_क) विचारलं की मात्र एकही नाव येत नाही. _क मोकळा (म्हणजे अजून किंमत न मिळालेला) असताना हजर(_क) ला सीमा सापडते आणि \+ तिथेच फसतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. राजू आणि मीना गुपचूप गळतात. म्हणूनच ही चूक मला सगळ्यात घातक वाटते. विद्यार्थी(_क) आधी लिहा, दोन्ही नावं मिळतील. यादी पूर्ण असेल आणि नियम स्वतःभोवती फिरत नसतील, तर एवढी काळजी घेऊन \+ खुशाल वापरा.

‘दोन गोष्टी वेगळ्या हव्यात’ एवढंच म्हणायचं असेल तर डिफ (dif) हे तयार प्रेडिकेट घ्या. भावंडांच्या नियमात \= (‘जुळू शकत नाहीत’) सुरुवातीला लिहिलं तर मोकळी व्हेरिएबल्स जुळू शकतात, म्हणून एकही उत्तर येत नाही; \== (‘आत्ता एकच नाहीत’) लिहिलं तर सीमा स्वतःचीच बहीण ठरते. डिफ किंमती कळेपर्यंत थांबतो, त्यामुळे तो कुठेही लिहिला तरी चालतो. पण हजर(_क) सारख्या प्रेडिकेटचा नकार त्याच्याने होत नाही.

‘समोरचा हरत असेल तर मी जिंकतो’ अशा नियमात चाली अ वरून ब वर आणि परत अ वर येत असतील, तर साधा प्रोलॉग स्टॅक संपून एरर येईपर्यंत फिरत राहतो. प्रेडिकेट टेबल करून (म्हणजे त्याची उत्तरं साठवायला सांगून) नकाराला \+ ऐवजी टीनॉट (tnot) वापरा. उत्तर ‘अनिश्चित’ येतं, आणि ते बरोबर आहे.

त्याच नियमावर क्लिंगो हे प्रोलॉगबाहेरचं वेगळं साधन दोन मॉडेल्स, म्हणजे नियमांत बसणारी दोन पूर्ण उत्तरं, देतं: एकात अ जिंकतो, दुसऱ्यात ब. वेळापत्रकासारख्या, निवडी असलेल्या कामाला मी तोच घेईन. तिथे गोल्सचा क्रम आड येत नाही, आणि व्हेरिएबल फक्त नकारातच असेल तर तो ‘अनसेफ’ म्हणून प्रोग्रॅम नाकारतो. किंमत मोजावी लागते ती ग्राउंडिंगमध्ये, म्हणजे व्हेरिएबलच्या जागी प्रत्येक किंमत घालून नियम उलगडताना: हजार-हजार किंमतींची दोन स्वतंत्र व्हेरिएबल्स म्हणजे एका नियमाच्या दहा लाख प्रती. शिवाय एरवी तो पहिलं मॉडेल सापडताच थांबतो. सगळी हवी असतील तर कमांडच्या शेवटी ० द्या. मॉडेल्सच्या आकड्याच्या जागी ‘१+’ दिसलं, तर शोध अजून पूर्ण झालेला नाही.