पारदर्शक डब्यासाठी कोणता दाणा घ्यावा: साधा होमो, न्यूक्लिएटेड की रँडम?

फराळाचे किंवा मसाल्याचे प्लास्टिकचे पारदर्शक डबे काढायचे ठरवून कच्च्या मालाच्या दाण्याची चौकशी केली की तीन नावं पुढे येतात: साधा होमो, न्यूक्लिएटेड होमो आणि क्लॅरिफाइड रँडम. तिन्ही पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकचेच प्रकार. होमो म्हणजे होमोपॉलिमर, नुसत्या प्रॉपिलिनच्या साखळ्यांचा. बरेच जण नुसता भाव बघून ठरवतात. पण डबा दुधाळ निघणार की आरपार दिसणार, पडल्यावर तडकणार की तगणार, हे बऱ्याच अंशी साच्यात माल थंड होताना त्यात स्फटिक कसे वाढले यावर ठरतं.

वितळलेल्या मालात रेणूंच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. थंड होताना त्या घड्या घालत पातळ पापुद्रे बनवतात, साधारण १० ते २० नॅनोमीटर जाडीचे. पॉलिमरच्या साखळ्या अशा घड्या घालतात हे शास्त्रज्ञ अँड्र्यू केलर यांनी १९५७ मध्ये पॉलिथिलिनच्या स्फटिकांवरून मांडलं. एका केंद्रातून, म्हणजे स्फटिक जिथे सुरू होतो त्या बिंदूतून, हे पापुद्रे चहूबाजूंनी फुटत जातात आणि त्यांचा गोळा बनतो, त्याला स्फेरुलाइट म्हणतात. शेजारच्या गोळ्याला भिडेपर्यंत तो वाढतो. केंद्रं थोडी असली की गोळे मोठे होतात, कधी कधी कित्येक दहा मायक्रॉनांपर्यंत. पापुद्र्यांच्या मधे विस्कळीत साखळ्या उरतातच, कारण पॉलिमर कधी पूर्ण स्फटिकी होत नाही. स्फटिकी भागाची घनता दर घन सेंटिमीटरला ०.९४ ग्रॅमच्या आसपास, विस्कळीत भागाची ०.८५. एवढ्या फरकामुळे प्रकाश विखुरतो. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, आणि गोळे त्याहून कितीतरी मोठे. मग डबा दुधाळ दिसणारच.

साध्या होमोचं नेमकं हेच होतं. दाणा स्वस्त, ताठ, १६०–१६५ अंशांपर्यंत न वितळणारा. पण केंद्रं नशिबावर सोडलेली. साच्याच्या थंड भिंतीलगत माल झटकन गोठतो, तिथे गोळे बारीक राहतात. जाड भागाच्या पोटात ते सावकाश, मोठे वाढतात आणि त्यांच्या सीमांवर माल कमकुवत राहू शकतो. रंगीत झाकणं, हँडल, बादलीची कडी यांना तो पुरेसा आहे. पारदर्शक डब्यासाठी मात्र मी तो सुचवणार नाही.

न्यूक्लिएटेड होमोत सोडियम बेंझोएटसारखं द्रव्य किंचित मिसळलेलं असतं. असंख्य केंद्रं एकदम मिळाल्याने गोळे खूप असतात पण बारीक राहतात, आणि स्फटिकीकरण १० ते १५ अंश वरच सुरू होतं. डबा साच्यात लवकर घट्ट होतो, म्हणजे सायकल टाइम (एक नग काढायला लागणारा वेळ) कमी. ताठपणाही वाढतो, त्यामुळे भिंत थोडी पातळ करता येते. कारखानदाराला यातच खरा पैसा सुटतो. काचेसारखं दिसेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. त्यासाठी सॉर्बिटॉल घराण्यातलं क्लॅरिफायर लागतं. ते वितळलेल्या मालात विरघळतं आणि थंड होताना तंतूंची बारीक जाळी बनवतं. त्या जाळीवर फुटणारे स्फटिक इतके लहान राहतात की प्रकाश बराचसा सरळ पार जातो. माल पुरेसा गरम नसेल तर क्लॅरिफायर नीट विरघळत नाही. बहुतेकदा २२० अंशांच्या वर राहावं लागतं. आणि साचा आरशासारखा पॉलिश केलेला नसेल तर महागडा दाणा घेऊनही खर्च वाया जातो.

रँडममध्ये साखळीत अधूनमधून थोडं इथिलिन घुसवलेलं असतं. साखळीची शिस्त मोडते, पापुद्रे पातळ राहतात, स्फटिकी भाग घटतो. वर क्लॅरिफायर असलं की तिघांत सर्वात स्वच्छ डबा मिळतो, आणि फ्रिजमधून काढून हातातून निसटला तरी होमोपेक्षा तो बरा तग धरतो. बदल्यात ताठपणा कमी होतो आणि वितळबिंदू बहुतेक ग्रेडमध्ये १४०–१५० अंशांवर येतो. ग्राहक त्यात उकळता रस्सा ओतणार असेल, तर भिंत नरम पडते हे लक्षात ठेवा.

माझा कौल असा: कोरडा फराळ, मसाले, मिठाई असेल तर क्लॅरिफाइड रँडम. गरम जेवणाचा किंवा मायक्रोवेव्हचा डबा असेल तर क्लॅरिफायर घातलेला होमो, थोडा धूसर दिसला तरी. डीप फ्रीझरसाठी यातला एकही नको. शून्य अंशाच्या आसपास होमोच्या विस्कळीत साखळ्याही आखडतात आणि डबा फुटतो. रँडमही त्या थंडीत फार टिकत नाही. तिथे पॉलिप्रॉपिलिनचाच रबरी अंश असलेला प्रकार, ब्लॉक कोपॉलिमर, घ्यावा आणि पारदर्शकता सोडून द्यावी.

रंग बदलताना एक खबरदारी घ्या. फ्थॅलोसायनिन निळा किंवा हिरवा रंग स्वतःच केंद्रांचं काम करतो, त्यामुळे आकुंचन बदलतं. पांढऱ्या झाकणावर जमवलेल्या साच्यातून निळं झाकण वाकडं निघतं, आणि दोष मशीनवर जातो. शिवाय साच्यातून निघाल्यावरही स्फटिकीकरण सावकाश चालूच असतं. म्हणून झाकण बसतंय का ते गरम डब्यावर बघू नका, माप एक-दोन दिवसांनी घ्या.