गुडघ्याचं ऑपरेशन: मुंबईत की नाशिकला?

इम्प्लांटच्या किमतीवरून शहर ठरवत असाल, तर तो हिशेब सोडून द्या. 2017च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती बांधून दिल्या. ती मर्यादा परळला जेवढी, तेवढीच नाशिकला. बिल फुगतं ते खोली, सर्जन आणि ओटी (ऑपरेशन थिएटर) यांमुळे.

आईच्या वेळी आमच्यासमोर हेच दोन पर्याय होते. दादर-माहीमकडचं एक मोठं रुग्णालय घराजवळ, आणि नाशिकला दादा-वहिनी. (केईएम खर्चात दोघांनाही हरवतं, पण नंबर लागेपर्यंत थांबायची तयारी हवी.)

मला खटकली ती खोली. आईची पॉलिसी 5 लाखांची, खोलीभाडं विमा रकमेच्या 1 टक्क्यापर्यंत, म्हणजे दिवसाला 5,000. मुंबईत सिंगल रूम 10,000ची. वरचे 5,000 आपण भरू, संपलं, असं वाटतं ना? तिथेच मेख आहे. प्रमाणशीर कपात लागते, म्हणजे खोलीभाड्याचा जेवढा हिस्सा मर्यादेबाहेर, तेवढाच हिस्सा विमा कंपनी बाकीच्या बिलातूनही कापते. मग सर्जन, भूल, ओटी, नर्सिंग सगळ्याचे निम्मे पैसे आपल्या खिशातून जातात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही. त्यात खोलीचा वर्ग चढला की बऱ्याच ठिकाणी सर्जनची फीही चढते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! ‘मग शेअरिंग घ्या ना,’ टीपीए डेस्कवरची, म्हणजे रुग्णालयात विम्याचे दावे बघणारी मुलगी म्हणाली. सल्ला चुकीचा नव्हता, पण आईची झोप आधीच सावध. शेजारच्या पेशंटचा फोन वाजला तरी ती उठून बसते.

नाशिकला सिंगल रूम मर्यादेत बसली आणि कपातीचा प्रश्नच मिटला. परतताना समृद्धीमुळे कसारा घाटही टळतो.

पॉलिसी नाशिकच्या पत्त्यावर असेल, तर एक कलम जरूर वाचा. झोननुसार हप्ता घेणाऱ्या काही कंपन्या स्वस्त झोनमधल्या ग्राहकाने मुंबईत उपचार घेतले की को-पे लावतात, म्हणजे बिलाचा ठरावीक हिस्सा आपल्यालाच भरावा लागतो.

हृदयाचा किंवा किडनीचा जुना त्रास असेल, तर मीही मुंबईच म्हणेन. सगळे स्पेशालिस्ट हाकेच्या अंतरावर असतात, त्याचे पैसे मोजावेत. खोलीभाड्याला मर्यादा नसलेली पॉलिसी असेल, तरी माझा मुद्दा बराचसा गळून पडतो. नाहीतर, नाशिकला हक्काचं घर असेल तर माझा कल तिकडे. फक्त फिजिओ घरी येईल का, हे आधी विचारून घ्या. आमचं वहिनीच्या ओळखीने जमलं.