पेटीवाला सोलर कुकर, चार डब्यांचा – वर्षभर वापरल्यावर

गेल्या फेब्रुवारीत घेतला. आतून काळा पत्रा, वर डबल काच, झाकणाला आरसा. आमचं घर नाशिकच्या सिडकोत, गच्चीवर नऊ ते चार सावली येत नाही, ही पहिली अट बरं का, सावली येत असेल तर घेऊच नका.

आणला त्या दिवशी घरात नुसती धमाल. दीर सातपूरला कंपनीत इंजिनिअर, पेटी बघून म्हणाले, "वहिनी, एवढ्याशा डब्यात काय वरणभात करताय, पांडवलेणीच्या डोंगराला आरसे लावू आणि अख्खं रामकुंडच गरम करू, कुंभात कुणी कुडकुडायला नको!" मग काय, जेवणं राहिली बाजूला आणि दीर नि माझी लेक (अकरावी सायन्स) कागद घेऊन बसले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर पाणी, ते 10 अंशांनी तापवायचं तर भर दुपारी, ऊन जराही वाया न घालवता, साधारण 1200 चौरस मीटर आरसे लागतात. गंगापूर धरणातून 1000 क्युसेक सोडलं की झाले 300 एकर आरसे! त्यात सूर्य काही ठिपका नाही, आपल्याला अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून सात-आठ किलोमीटरवरून कवडसा पडणार 70 मीटरचा, म्हणजे कुंडासोबत काठावरची फुलवाली पण भाजून निघणार, आणि पाणी तापेपर्यंत ते नांदूरमध्यमेश्वरला पोचलेलं. वर सासूबाई म्हणाल्या, "अरे, सिंहस्थाची स्नानं श्रावण-भाद्रपदात, तेव्हा ऊन आणणार कुठून?" हसून हसून पोट दुखलं सगळ्यांचं.

लेक म्हणाली, मग उन्हावर बर्फ करू. त्यावर सगळ्यात जास्त हसलो आणि नेमकं तेच खरं निघालं, 1878 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात मूशो नावाच्या फ्रेंच माणसाने सूर्याच्या उष्णतेवर बर्फ करून दाखवला होता. आणि त्याच सुमारास आपल्या मुंबईत विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने आरशांवर वाफेचा पंपही चालवला आणि काचेखाली स्वयंपाकही केला. मला फार भारी वाटलं हे, माझ्या गच्चीवरची पेटी त्याच घरातली ना!

आता कुकरबद्दल. एप्रिल-मेमध्ये भिजवलेली तूरडाळ दोन तासांत अगदी लोण्यासारखी, भात त्याआधीच, थंडीत मात्र तीन तास धरा. पाणी गॅसपेक्षा कमी घालायचं. शेंगदाणे तर असे खमंग भाजतात, एकही करपत नाही, हलवायचीही गरज नाही, कूट करताना घरभर वास. अर्ध्या-पाऊण तासाने पेटी उन्हाकडे वळवावी लागते. पोळी नाही, फोडणी नाही, ती गॅसवरच. पावसाळ्यात चार महिने माळ्यावर.

तक्रार एकच पण मोठी. तिसऱ्याच महिन्यात काचेभोवतीचं रबर सैल झालं, वाफ दोन काचांच्या मधे शिरली, काच आतून धुरकट, ती पुसताही येत नाही आणि डाळ चार वाजेपर्यंत कच्ची. दुकानात तीनदा फोन केला, माणूस पाठवतो म्हणाले, कुणी आलं नाही, शेवटी दिरांनीच काच उघडून नवीन रबर बसवलं. साडेचार हजार घेतल्यावर एवढं तरी नीट द्यायला हवं होतं. घेताना झाकण लावून कडेने कागद सरकवून बघा, सरकला तर दुसरा पीस मागा.