अर्धे ताट भाजीचे: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये माझ्या एचबीए१सी चाचणीचा (रक्तातील साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी) आकडा ६.१ आला. ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था मानली जाते. म्हणजे औषध लागले नव्हते, पण खाण्याकडे लक्ष देणे भाग होते. त्याआधीच्या ६ वर्षांत मी ४ वेळा कडक पथ्य धरले होते आणि चारही वेळा सोडले होते. त्यांतले सर्वांत जास्त टिकले ते ११ आठवडे. म्हणून या खेपेस मोबाइलवरचे कॅलरी मोजणारे ॲप काढून टाकले आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतील ताटाचा आधार घेतला. २,००० कॅलरींच्या त्या ताटात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि २५० ग्रॅम धान्य सांगितले आहे. मी ग्रॅम मोजत बसले नाही. अर्धे ताट पालेभाजी, फळभाजी आणि कोशिंबिरीचे, पाव ताट उसळ, पिठले किंवा घट्ट वरणाचे आणि उरलेल्या भागात ज्वारीची भाकरी किंवा भात, एवढेच ठरवले.

ताट मांडण्याइतकाच महत्त्वाचा ठरला तो दुसरा निश्चय: कोणत्याही जेवणानंतर ‘आज पथ्य मोडले’ असे म्हणायचे नाही. पूर्वी गणपतीत पहिला उकडीचा मोदक खाल्ला की दिवस वाया गेला असे मला वाटे. मग आणखी तीन मोदक, संध्याकाळी फरसाण, आणि ‘आता अनंत चतुर्दशीनंतरच पाहू’ असा दहा दिवसांचा वायदा. गेल्या गणपतीत मात्र दुपारी दोन मोदक तुपासह, बसून, चव घेत खाल्ले आणि रात्री नेहमीसारखी दोडक्याची भाजी, मुगाची उसळ आणि अर्धी भाकरी घेतली. फरक मोदकांत नव्हता, त्यानंतरच्या जेवणात होता. मानसशास्त्रज्ञ क्लेअर ॲडम्स आणि मार्क लिअरी यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला इथे पटतो. खाण्यावर बंधन घालून घेणाऱ्या तरुणींना त्यांनी आधी डोनट खायला दिला आणि त्यांतील काहींना ‘असे सगळेच खातात, स्वतःवर कठोर होऊ नका’ असे सांगितले. ज्यांना तसे सांगितले गेले नव्हते, त्यांच्यापेक्षा या तरुणींनी पुढे ठेवलेल्या गोळ्या-चॉकलेट कमी खाल्ली. सवलत दिली की माणूस सैल सुटेल ही भीती मलाही होती; माझ्या बाबतीत ती खरी ठरली नाही.

वजनकाटा मी रोजच्याऐवजी एक रविवार सोडून वापरते. दिवाळीत दोन दिवसांत १.६ किलो वाढले तेव्हा जुन्या सवयीने पोटात गोळा आला होता. पण शरीरात साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे शरीराने राखून ठेवलेल्या साखरेबरोबर) सुमारे ३ ग्रॅम पाणी धरले जाते, आणि चकली-शेवेतले मीठही पाणी धरते. तेवढी चरबी दोन दिवसांत साठत नाही, हे आधी कळले असते तर माझे किमान दोन प्रयत्न वाचले असते असे आता वाटते.

या पद्धतीत एक मोठी उणीव आहे: ताटात तेल दिसत नाही. पहिले दोन महिने मी समाधानाने अर्धे ताट भरत होते, पण भरली वांगी तेलात पोहत होती आणि कोशिंबिरीत मूठभर दाण्याचे कूट होते. पोषण संस्थेच्या त्याच सूचनांत तेल-तुपाचे प्रमाण माणशी दिवसाला २७ ग्रॅम आहे. आमच्या चौघांच्या घराला त्या हिशेबाने महिन्याला साधारण साडेतीन लिटर तेल पुरायला हवे, आणि आमच्याकडे पाच लिटरचा डबा महिनाभर टिकत नव्हता. ऑगस्टपासून मी स्वतःपेक्षा डब्यावर लक्ष ठेवू लागले. आता तो सहा आठवडे जातो. पोहे, मिसळ, साबुदाण्याची खिचडी यांचे काय करायचे हेही ताट सांगत नाही. उपवासाला मी भगर, दाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर यांवर येऊन थांबले. भाजी निवडण्या-चिरण्यात रोज अर्धा तास जास्त जातो, तोही धरावा लागेल.

नातेवाइकांत ‘डाएट’ हा शब्दच मी उच्चारत नाही. शब्द कानी पडला की कोणी आग्रह करते, कोणी पहारा ठेवते. सासूबाईंनी एकदा विचारले, ‘अगं, भात एवढाच?’ मी म्हटले, ‘आई, आज गवार फार छान झाली आहे, तीच घेते.’ विषय तिथेच संपला.

वजन ७८ वरून ७३.४ किलोवर आले. ऑक्टोबर ते डिसेंबर ते जागचे हलले नाही, आणि तरीही मी सोडून दिले नाही, हे माझ्यासाठी नवे आहे. मार्चमध्ये एचबीए१सी ५.८ आला. झटपट उतार हवा असेल त्यांची इथे निराशा होईल. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील त्यांनी धान्य कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते. मी पुढची चाचणी सप्टेंबरमध्ये करणार आहे, आणि तोपर्यंत ताट हेच राहील.